स्कॉटलंडच्या बेटांपासून बर्गनपर्यंत : लहान जहाजाच्या सांस्कृतिक सफरीची पूर्वतयारी

क्रूझ म्हटले की आपल्याकडे दहा-पंधरा मजली जहाज, पोहण्याचे तलाव आणि रात्रीचे गाण्याचे कार्यक्रम डोळ्यांसमोर येतात. उत्तर युरोपच्या किनाऱ्याने लहान जहाजातून होणारी सांस्कृतिक सफर हा अगदी निराळा प्रकार आहे. जहाजावर शंभर-दोनशे प्रवासी असतात, सोबत पुरातत्त्व, इतिहास आणि पक्षी या विषयांचे जाणकार असतात, दिवसा एखाद्या बेटावर उतरायचे आणि रात्री जहाज पुढच्या बेटाकडे निघायचे असा तिचा साचा असतो. मी येथे ज्या मार्गाविषयी लिहीत आहे, तो स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओबान किंवा ग्रीनॉक येथून निघतो आणि हेब्रिडीज, सेंट किल्डा, ऑर्कनी व शेटलंड ही बेटे करून नॉर्वेतील बर्गन येथे संपतो. या सफरीत हवामान कोणाच्याही हातात नसते. म्हणून जे आपल्या हातात आहे, म्हणजे व्हिसा, विमा, औषधे आणि सामान, ते घरूनच पक्के करून निघावे लागते.

१. महिना आणि मार्ग ठरवा

हा हंगाम मे ते ऑगस्टचा. जूनमध्ये शेटलंडला रात्र पूर्ण काळोखी होतच नाही, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतरही डेकवर उभे राहून किनारा पाहता येतो. पफिन नावाचे रंगीत चोचीचे समुद्रपक्षी पाहण्याची हौस असेल, तर जुलै संपण्यापूर्वी जावे, कारण ऑगस्टच्या सुरुवातीला ते बेटे सोडून समुद्रात जातात. पाऊस आणि वारा मात्र चारही महिने असतो. ‘कोरडा महिना’ शोधण्यात वेळ घालवू नये.

माहितीपत्रक वाचताना क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘बेटावर उतरू’, ‘उतरण्याचा प्रयत्न करू’ आणि ‘बेटाजवळून जाऊ’ या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सेंट किल्डा हे बेट हेब्रिडीजच्या बाहेरच्या रांगेपासूनही सुमारे ६५ किलोमीटर पश्चिमेला, उघड्या अटलांटिकमध्ये आहे. तेथे उतरण्याची हमी कोणताही प्रामाणिक आयोजक देत नाही. कोणी तोंडी देत असेल, तर ती लेखी मागून पाहावी.

सफर बर्गनच्या पुढे गायरांगर किंवा नेरॉय या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, जाणार असेल, तर आणखी एक चौकशी करावी. जागतिक वारसा यादीतल्या या फियॉर्डमध्ये १ जानेवारी २०२६ पासून १०,००० ग्रॉस टनांखालील (ग्रॉस टन हे जहाजाच्या आकाराचे माप) प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाचा नियम लागू झाला आहे, मोठ्या जहाजांना मात्र २०३२ पर्यंत मुदत आहे. म्हणजे नियमाचा पहिला फटका लहान जहाजांनाच बसला. त्यामुळे जुनी छायाचित्रे छापलेल्या पत्रकावर न विसंबता जहाज प्रत्यक्ष फियॉर्डमध्ये शिरणार आहे की प्रवाशांना बसने नेणार आहेत, हे विचारून घ्यावे.

ज्यांना रबरी होडीतून उतरणे झेपणार नाही, त्यांनी बर्गन ते किर्केनेस या नॉर्वेच्या किनारी सेवेचा विचार करावा. १८९३ पासून चालू असलेली ही सेवा आजही मालवाहतूक करते, वाटेत ३४ बंदरे घेते आणि धक्क्याला लागते. एकाच व्हिसात काम भागते हा तिचा मोठा फायदा. मात्र कित्येक बंदरांत जहाज जेमतेम माल उतरवण्यापुरतेच थांबते.

२. जहाज आणि केबिन निवडा

चकचकीत छायाचित्रांपेक्षा चार प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची आहेत. जहाजाला डोलणे कमी करणारे स्टॅबिलायझर आहेत का? लिफ्ट आहे का? सर्व प्रवाशांना एका वेळी किनाऱ्यावर नेण्याइतक्या होड्या आहेत का, की दोन तुकड्या करतात? आणि सोबत येणारे व्याख्याते नक्की कोण आहेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर ती सफर नावापुरतीच सांस्कृतिक आहे असे खुशाल समजावे.

केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी. वरच्या मजल्यावरची बाल्कनीची केबिन महाग असते आणि हेलकावेही तिलाच जास्त बसतात. एकटे जाणार असाल, तर एकट्याच्या केबिनचा अधिभार आधी विचारा. तो कधीकधी भाड्याच्या निम्म्याहून अधिक असतो.

३. व्हिसाचा क्रम लावा

बहुतेक गोंधळ येथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. भारतीय पारपत्रावर या मार्गासाठी दोन व्हिसा लागतात : स्कॉटलंडसाठी ब्रिटनचा आणि नॉर्वेसाठी शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. ब्रिटन दोन्हींत नाही. एका व्हिसावर दुसरीकडे उतरता येत नाही, आणि एखादा व्हिसा नसेल तर जहाज कंपनी तुम्हाला पहिल्याच बंदरावर नाकारू शकते, कारण पुढच्या देशात प्रवेश न मिळालेल्या प्रवाशाची जबाबदारी तिच्यावर येते.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी तीन महिने आधीपासून. अर्जासाठी दिलेले पारपत्र अडकून पडू शकते. म्हणून आधी शेंगेन आणि ते हातात आल्यावर ब्रिटन, असा क्रम मला सोयीचा वाटतो. उन्हाळ्यात शेंगेनच्या भेटीची वेळ मिळणेच कठीण होते, आणि निर्णयाला साधारण १५ दिवस लागत असले तरी नियमानुसार ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. ब्रिटनचा अर्ज नंतर करायचा असल्याचे शेंगेनच्या अर्जासोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे, म्हणजे ‘स्कॉटलंडला जाणार कसे?’ ही शंका राहत नाही.

शेंगेनचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे तेथील मुक्कामाच्या दिवसांवरून ठरते. सफर बर्गनला संपत असेल, तर नॉर्वे. पण पुढे डेन्मार्क किंवा जर्मनीतही फिरणार असाल, तर जेथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि दिवस समान असतील तर जेथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. सोपे जाईल या समजुतीने भलत्याच देशाकडे अर्ज करणे हे नकाराला आमंत्रण आहे.

आता खरा सापळा. काही सफरी शेटलंडहून नॉर्वेला जातात, तेथून पुन्हा एखाद्या ब्रिटिश बंदरात येतात आणि मग डेन्मार्कला जातात. अशा मार्गात शेंगेन क्षेत्रात दोनदा प्रवेश होतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर दुसऱ्या वेळी तो संपलेला असतो. अर्जात अनेक प्रवेशांची मागणी करा आणि बंदरांच्या तारखा देऊन ती का हवी ते लिहा. मार्गात फेरो बेटे असतील, तर अधिक दक्षता घ्यावी : ही बेटे डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत, आणि तेथे उतरण्यासाठी व्हिसावर तशी स्वतंत्र नोंद लागते. उत्तरेकडचा नॉर्वेचा स्वालबार्ड हा द्वीपसमूहही शेंगेनबाहेर आहे. तेथे जाऊन नॉर्वेच्या मुख्य भूमीवर परतायचे, तर किमान दोन प्रवेश हवेत.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या खेपेला तिच्यात वेळ जातो, हे बर्गनचे पुढचे बेत आखताना ध्यानात असू द्या.

४. कागदपत्रे गोळा करा

– पारपत्र : गेल्या दहा वर्षांत दिलेले, शेंगेन सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले.
– जहाज कंपनीचे आरक्षणपत्र, ज्यात प्रत्येक बंदर आणि तारीख लिहिलेली आहे. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही.
– सफरीच्या आधीच्या व नंतरच्या हॉटेलांची आरक्षणे आणि विमानाचा तपशील.
– बँकेचा उतारा, प्राप्तिकर विवरणपत्रे. नोकरदारांना रजेचे पत्र, निवृत्तांना निवृत्तिवेतनाचा पुरावा.
– मुलगा किंवा मुलगी खर्च करणार असेल, तर त्यांचे पत्र आणि त्यांच्या उत्पन्नाची कागदपत्रे. परदेशस्थ मुलांनी आईवडिलांना पाठवण्याची ही सफर असल्याने हा कागद मराठी कुटुंबांना हमखास लागतो आणि हमखास विसरतो.
– किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमापत्र.
– ३५ × ४५ मिलिमीटर आकाराची अलीकडची छायाचित्रे.

या सर्वांच्या दोन छायाप्रती काढा. जहाजावर चढताच पारपत्र बहुधा जमा करून घेतात, कारण बंदरांवरची कागदोपत्री कामे कर्मचारी एकत्र उरकतात. किनाऱ्यावर फिरताना तुमच्याजवळ प्रतच राहते.

५. विमा आणि पैसे

व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोचा विमा हा व्हिसापुरता असतो. लहान जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण हाड मोडले किंवा छातीत दुखू लागले, तर रुग्णाला हेलिकॉप्टरने किंवा जवळच्या बंदरातून हलवावे लागते. म्हणून विमापत्रात जहाजावरील प्रवास, आपत्कालीन स्थलांतर आणि आधीपासूनचे आजार हे तीन मुद्दे समाविष्ट आहेत का, ते मूळ मजकुरात वाचून पाहा. एजंटाच्या ‘सगळे कव्हर आहे’ या वाक्यावर थांबू नका. रक्तदाब किंवा मधुमेह लपवून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

सहलीचे पैसे भारतातून भरताना स्रोतावर कर गोळा केला जातो. त्याचे दर बदलत असतात, म्हणून भरणा करण्याच्या वेळचा दर विचारा. ही रक्कम विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळती होते, तेव्हा प्रमाणपत्र जपून ठेवा. रोख रक्कम थोडीच न्यावी. नॉर्वेत जवळजवळ सर्वत्र कार्ड चालते. स्कॉटलंडमध्ये सुटे परत घेताना तेथील बँकांनी छापलेल्या नोटा हाती येतात. त्या तेथेच खर्चून टाका, भारतात त्या बदलून मिळणे जिकिरीचे होते.

६. जेवणाची सोय

शाकाहारी असाल, तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा, आणि ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता मासे, अंडी, मांसाचे पाणी आणि जिलेटिन यांविषयी एकेक ओळ लिहा. त्या भागात मासे खाणारा माणूसही पुष्कळदा शाकाहारी समजला जातो, आणि भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचे पाणी घातलेले असू शकते. कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर जहाजावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटा. एवढ्या कमी प्रवाशांच्या जहाजावर ही भेट सहज होते आणि पुढचे सगळे दिवस सुखाचे जातात.

घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे जरूर न्या. पेढे, बर्फी, तूप असले दुधाचे पदार्थ मात्र नेऊ नका. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणण्यास ब्रिटन आणि नॉर्वे या दोन्ही ठिकाणी मनाई आहे. विजेची किटली, इस्त्री किंवा छोटी शेगडी केबिनमध्ये चालत नाही, ती काढून घेतात.

७. सामान आणि औषधे

थंडीपेक्षा वाऱ्याची तयारी करा. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर आणि वरून वारा-पाणी न शिरणारे जाकीट व तशीच पँट अधिक उपयोगी. छत्री नेऊ नका, पहिल्याच बेटावर उलटी होईल. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. गमबूट अनेक जहाजांवर मिळतात, पण तुमच्या मापाचे आहेत का ते आधी कळवून ठेवा. साडी जहाजावर नेसायला काहीच हरकत नाही, होडीत मात्र पँट किंवा सलवारच बरी. ब्रिटनमध्ये विजेची पिन चौकोनी तीन दांड्यांची आणि नॉर्वेत गोल दोन दांड्यांची असते; दोन्हींची अडॅप्टर घ्या.

उलटीची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती जहाज हलण्यापूर्वीच घ्यावी लागते. कोणती घ्यायची, हे घरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आपल्याकडच्या सवयीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि वयस्क माणसाने गुंगीत होडीतून उतरणे धोक्याचे आहे. शेटलंड ते बर्गन हा सुमारे ३५० किलोमीटरचा पल्ला उघड्या समुद्राचा आहे. त्या रात्री हलके जेवा.

मोबाइल जहाजावर विमानस्थितीत (एअरप्लेन मोडवर) ठेवा. किनारा दूर गेला की फोन आपणहून जहाजाच्या उपग्रही जाळ्याला जोडला जातो, आणि तो दर ब्रिटन-नॉर्वेच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेला नसतो.

८. रबरी होडीत बसायला शिका

बेटावर धक्का नसतो तेथे झोडियॅक नावाच्या हवा भरलेल्या रबरी होडीतून उतरवतात. पहिल्या दिवशी याचे प्रात्यक्षिक होते, ते चुकवू नका. जहाज सोडताना फलकावरचा तुमच्या क्रमांकाचा बिल्ला उलटवायचा आणि परतल्यावर सुलटवायचा असतो. सगळे परतले की नाही हे त्यावरूनच कळते. काही जहाजांवर बिल्ल्याऐवजी कार्ड असते. मग जीवनरक्षक जाकीट घालून बाजूच्या शिडीने खाली यायचे. पाठपिशवी पाठीवर हवी, दोन्ही हात मोकळे हवेत. खाली उभा असलेला खलाशी हात पुढे करतो, तेव्हा त्याचा पंजा न धरता कोपराखालचा भाग धरायचा, तोही तुमचा तसाच धरतो. ओल्या हातांनी पंजे निसटतात, ही पकड निसटत नाही. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती वर आली आणि खलाशाने सांगितले की एक पाय रबरी कडेवर, दुसरा तळाशी, आणि लगेच बसून कडेवरूनच सरकत पुढे जायचे. उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह होतो, तो टाळा.

‘कोरडे उतरणे’ म्हणजे दगडावर किंवा छोट्या धक्क्यावर, आणि ‘ओले उतरणे’ म्हणजे घोटाभर किंवा थोड्या अधिक पाण्यात. रोजच्या कार्यक्रमपत्रकात यांपैकी काय ते लिहिलेले असते. गुडघेदुखी असेल, तर सफरीला निघण्यापूर्वी काही आठवडे जिना चढण्या-उतरण्याचा सराव ठेवा.

परत येण्याची वेळ नेहमी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे धरतात. ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यात एका तासाचा फरक आहे, आणि जहाज आपले घड्याळ कधी पुढे करणार हे आदल्या संध्याकाळी सांगतात. फोनच्या भरवशावर राहू नका.

९. उतरण्याआधी थोडे वाचा

व्याख्याने इंग्रजीत आणि कधी स्कॉटिश उच्चारांत असतात. आधी थोडी ओळख असली की बरेच अधिक कळते. हेब्रिडीजमधील आयोना बेटावर इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या कोलंबाने मठ स्थापला आणि तेथून स्कॉटलंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरला. सेंट किल्डावरचे शेवटचे ३६ रहिवासी २९ ऑगस्ट १९३० रोजी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेले. त्यांच्या घरांची एक रांग आणि पक्ष्यांचे मांस वाळवून साठवण्याच्या दगडी खोपट्या अजून उभ्या आहेत.

सर्वांत जास्त वेळ ऑर्कनीसाठी राखा. १८५० च्या वादळात वाळू-गवत उडून गेले आणि स्कारा ब्रे हे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे गाव वर आले. लाकूड दुर्मीळ असल्याने घरातले सामानही दगडाचे : मध्ये चूल, दोन्ही बाजूंना दगडी पलंग आणि दारासमोर दगडी मांडणी, म्हणजे आत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच पडावी. जवळच्या मेसहाउ या थडग्यात कंबरेत वाकून लांब बोळातून जावे लागते, आणि आत बाराव्या शतकातील नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) लोकांनी त्यांच्या रूनी लिपीत कोरलेले सुमारे तीस लेख आहेत. त्यांपैकी एकात इंगिगर्थ नावाच्या स्त्रीच्या सौंदर्याची वाखाणणी आहे. येथे लहान गटांनाच प्रवेश असतो, तेव्हा जहाजावर नावनोंदणीचा कागद लागला की पहिल्या दिवशीच नाव लिहा. दुसऱ्या महायुद्धातील इटालियन कैद्यांनी लॅम्ब होम बेटावर लष्करी पत्र्याच्या दोन झोपड्या जोडून बांधलेले प्रार्थनागृहही चुकवू नये. तेथील दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांपासून केलेले आहेत.

ही बेटे मुळात नॉर्वेच्या राज्यातली. १४६८ मध्ये ऑर्कनी आणि १४६९ मध्ये शेटलंड, ही दोन्ही राजा ख्रिस्तियन पहिला याने आपल्या मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली आणि ती कधी सोडवली गेली नाहीत. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई आंदण दिली गेली, हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण हे माहीत असले, की शेटलंडमधील लर्विक गावाचे काही रस्ते नॉर्वेच्या राजांच्या नावांचे का, हा प्रश्न पडत नाही.

१०. बर्गनला उतरताना

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. औषधे, पारपत्र, चार्जर आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यांत जाऊ देऊ नका. कर्मचाऱ्यांची बक्षिसी भाड्यात धरली आहे का, हे आदल्या दिवशी स्वागतकक्षात विचारावे, म्हणजे ती दोनदा दिली जात नाही. पारपत्र परत मिळाल्यावर शेंगेन प्रवेशाची नोंद झाली आहे याची खात्री करा. नोंद राहून गेली, तर परतीच्या विमानतळावर खुलासे करावे लागतात.

परतीचे विमान त्याच दिवशी घेऊ नका. वादळाने जहाज उशिरा येऊ शकते, आणि बर्गनला एक दिवस द्यावा असे ते गाव आहे. ब्रिगेन या धक्क्यावरील लाकडी घरांत साधारण १३६० पासून हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती आणि उत्तरेकडच्या सुक्या कॉड माशाचा व्यापार तेथून चाले. आजची घरे १७०२ च्या आगीनंतर जुन्या आराखड्यावर बांधलेली आहेत, आणि १९७९ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. आगीच्या भीतीने या घरांत चूल पेटवायला बंदी होती, म्हणून व्यापारी जेवायला आणि ऊब घ्यायला मागच्या बाजूच्या वेगळ्या सभागृहांत जात. ती सभागृहेही पाहता येतात. रेनकोट मात्र बॅगेत भरून टाकू नका, बर्गनमध्ये तो हाताशीच लागतो.